बेकारांच्या साहाय्यावरील अटी आणि महाराष्ट्राचा अनुभव

बेकार माणसाला राज्याने साहाय्य करावे की नाही, हा प्रश्न आता फारसा कोणी उपस्थित करीत नाही. साहाय्य कोणत्या अटींवर करावे, हा मात्र वारंवार उपस्थित होतो. आणि बेकारी जितकी दीर्घ तितक्या अटी कडक असाव्यात, हे मत गेल्या तीस-चाळीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील राज्यकर्त्यांमध्ये दृढ होत गेले आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या एप्रिलात अशी एक योजना सुरू झाली. सरकारी मार्गदर्शनाची दोन वर्षे संपूनही ज्यांस काम मिळाले नाही, अशा बेकारांवर तीनपैकी एक बंधन घालण्यात येऊ लागले. रोज रोजगार कार्यालयात येऊन हजेरी लावणे, सहा महिन्यांपर्यंत आठवड्याला ३० तास विनावेतन लोकोपयोगी काम करणे, अथवा कार्यालयाच्या देखरेखीखाली कसून काम शोधणे, अशी ती बंधने होती. बंधन मोडणाऱ्याचा भत्ता पहिल्या वेळी ४ आठवडे व दुसऱ्या वेळी १३ आठवडे थांबविण्याची तरतूद होती.

आपल्याकडे रोख बेकारभत्त्याची सार्वत्रिक योजना कधीच नव्हती. त्यामुळे हा सारा वाद दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु साहाय्य मागणाऱ्याने आधी अंगमेहनत करून आपली गरज सिद्ध करावी, ही कल्पना दख्खनला इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वीच आणली, आणि महाराष्ट्राने पुढे तिचे एका हक्कात रूपांतर केले. हे रूपांतर कसे झाले, आणि त्या हक्काभोवती अलीकडे कोणत्या नव्या अटी उभ्या राहिल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी अटींच्या तीन जाती वेगळ्या काढणे इष्ट होईल. पहिली पात्रतेची अट : वय, वास्तव्य, उत्पन्न, शिक्षण इत्यादी. दुसरी वर्तनाची अट : काम स्वीकारणे, कामावर हजर राहणे, नेमून दिलेले माप पुरे करणे. तिसरी पुराव्याची अट : आपण पात्र आहोत व नेमलेले वर्तन आपण केले, हे ठरावीक कागदाने वा ठरावीक यंत्राने सिद्ध करणे. कायदेमंडळात चर्चा होते ती बहुधा पहिल्या दोन जातींची. तिसरी जात परिपत्रकांतून येते, तिच्यावर मतदान होत नाही, आणि म्हणूनच ती अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर वर्तनाच्या अटी १९७७ पासून जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. कडक झाल्या त्या पुराव्याच्या अटी, आणि त्याच काळात राज्याने स्वतःवर घालून घेतलेली बंधने सैल होत गेली, असे आमचे मत आहे.

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावचे उदाहरण घेतल्यास पहिल्या जातीच्या अटीचे स्वरूप ध्यानात येईल. हे जुने व्यापारी गाव. सेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे आहे, आणि येथील जनावरांचा बाजार भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांना परिचित आहे. महामार्गावरील शेजारच्या गावाचे पूर्ण नाव ‘वाठार तर्फ वडगाव’ असे आहे. त्या ‘तर्फ’ शब्दात जुन्या महसुली रचनेची खूण अजून शिल्लक आहे. वडगावला नगरपरिषद असून २०११ च्या शिरगणतीत लोकवस्ती २५ हजारांच्या आसपास होती, म्हणजे ती ‘क’ वर्गातील होय. सभोवार वारणेच्या पाण्यावरचा ऊस, दक्षिणेस शिरोलीची औद्योगिक वसाहत, पूर्वेकडे इचलकरंजीचे यंत्रमाग. अशा सधन टापूत दीर्घ मुदतीची बेकारी ती कोठून येणार, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ऊस भूमिहीन मजुराला बारमाही काम देत नाही. तोडणीसाठी तर बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. यंत्रमाग वा ओतशाळा बंद पडली म्हणजे तेथला पंचेचाळिशीचा कामगार पुन्हा सहजासहजी कोठे लागत नाही. पदवी घेऊन स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासात वर्षे घालविलेला तरुण हा तिसरा प्रकार. त्याची बेकारी घरच्या शेतीच्या आड झाकलेली असते.

या तिघांपैकी कोणास राज्याकडे काम मागता येईल? १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याची योजना ग्रामीण भागाबरोबरच ‘क’ वर्ग नगरपरिषदांच्या क्षेत्रासही लागू होती. वडगावचा मजूर व वाठारचा मजूर त्या योजनेच्या दृष्टीने सारखे होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र ‘ग्रामीण क्षेत्र’ या शब्दांची व्याख्या करताना नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दी सरसकट वगळल्या. केंद्राचा कायदा कोल्हापूर जिल्ह्यास १ एप्रिल २००८ पासून लागू झाला, तेव्हापासून केंद्राचा पैसा नगरपरिषदेच्या वेशीपर्यंत येऊन थांबू लागला. राज्याचा कायदा रद्द झाला नव्हता. तथापि ज्या कामाची मजुरी केंद्राकडून मिळते ते काम सोडून, जिचा सारा भार आपल्यावर पडेल ते काम कोणते राज्य उत्साहाने काढील? एका ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्यास हमी आणि पलीकडे राहणाऱ्यास नाही, ही पात्रतेची अट बेकाराच्या कोणत्याही गुणदोषावरून ठरलेली नाही. ती ठरली खर्चाच्या विभागणीवरून.

आता वर्तनाच्या अटीच्या इतिहासाकडे वळू. इंग्लंडच्या १८३४ च्या दारिद्र्य-कायद्याचे सूत्र असे होते की, साहाय्य घेणाऱ्याची स्थिती ही स्वतः कमावून खाणाऱ्या सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीपेक्षाही कमी हवीशी वाटणारी असली पाहिजे. त्यासाठी श्रमगृहे बांधली गेली. जो श्रमगृहात येण्यास तयार होईल तोच खरा गरजू, अशी ही कसोटी होती. गरजूला शोधून काढण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. गरजू स्वतःच पुढे येतो, आणि बाकीचे आपोआप दूर राहतात. अर्थशास्त्रात आज जिला स्वयंनिवड म्हणतात ती कल्पना येथे मूळ धरून आहे. सूत्र निर्दय होते, पण मूर्खपणाचे नव्हते. त्याचा प्रतिवाद करू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

हिंदुस्थानात श्रमगृहे बांधणे शक्य नव्हते. त्यांच्या जागी दुष्काळी कामे आली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यांची पाहणी करण्यास पाठविले. जानेवारी १८७७ मध्ये टेंपल यांनी मजुरी उतरविली. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर पुरुषाने दिवसभर खडी फोडावी अशी अपेक्षा होती. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी हे प्रमाण कष्टाच्या मानाने अपुरे असल्याचे आकडेवारीनिशी दाखविले. मजुरीच्या जोडीला अंतराची कसोटीही होती. घराजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यात आले, कारण जो घर सोडून तळ ठोकावयास तयार होईल तोच गरजू, असे गृहीत धरले होते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही अट नाकारून कामे सोडली. उपाशी माणसांनी साहाय्याच्या अटींविरुद्ध केलेला हा संप आपल्या सामाजिक इतिहासात पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या वेळच्या कार्यात या दुष्काळी पत्रव्यवहाराचा भाग मोठा आहे. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. मजुरी जगण्यापुरती असावी, काम मागेल त्यास द्यावे, अशक्तांना कामाविना अन्न द्यावे, ही तत्त्वे त्यांत आली. मात्र कसोटी म्हणून काम कायम राहिले.

या पार्श्वभूमीवर विठ्ठल सखाराम पागे यांच्या कल्पनेचे महत्त्व नीट ध्यानी येते. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे, विधान परिषदेचे दीर्घकाळचे सभापती. १९६५ मध्ये त्याच तालुक्यात ही कल्पना प्रायोगिक स्वरूपात राबविली गेली, आणि १९७२ मध्ये राज्याच्या कार्यक्रमात तिचा समावेश झाला. तेवढ्यात मोठा दुष्काळ येऊन ठेपला. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या आणि सुकडीचे वाटप यांची आठवण त्या पिढीला आजही आहे. दुष्काळ ओसरल्यावर १९७४ पासून योजनेला पुन्हा गती मिळाली. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापली जाणारी ही रक्कम मूळची खेड्यातील बेकारासाठी होती, हे आज ती भरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

या कायद्याने कसोटी बदलली नाही. काम तेच : माती उचलणे, बांध घालणे, रस्त्याची खडी. मजुरी मापावर, म्हणजे सरासरी माणसाने सात तास नेटाने काम केल्यास किमान वेतन पडेल अशा दराने. कामाचा प्रकार निवडण्याचा अधिकार मजुरास नाही. बोलावणे येऊनही जो ठरलेल्या मुदतीत कामावर येणार नाही, त्याचा भत्त्यावरील हक्क काही काळ जाईल. म्हणजे वर्तनाच्या सगळ्या अटी दुष्काळसंहितेच्या वळणाच्याच आहेत. नवे होते ते राज्यावरील बंधन. मजुराने नमुना ४ भरून कामाची मागणी केली की १५ दिवसांत काम दिलेच पाहिजे. न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारभत्ता. रुपया थोडा होता, त्या काळीही थोडाच होता. पण कसोटीला बसलेल्या माणसाने परीक्षकालाही कसोटीला लावावे, ही गोष्ट इंग्लंडच्या १८३४ च्या अथवा हिंदुस्थानच्या १८८० च्या सूत्रात कोठेही नव्हती. कराराला दोन बाजू आल्या.

अर्थात दुसरी बाजू पहिल्यापासून लंगडी होती, हेही नमूद केले पाहिजे. काम सुरू होण्यास निदान ५० मजुरांची मागणी लागे. ज्या गावात एकदम ५० जण काम मागण्याच्या स्थितीत नाहीत, तेथे एकटादुकटा बेकार काय करणार? वडगाव परिसरासारख्या बागायती भागात ही अट विशेष जाचक ठरावयाची. कारण तेथे बेकारी विखुरलेली असते, दुष्काळी तालुक्यासारखी एका वेळी सर्वांवर कोसळत नाही. कायदा वैयक्तिक हक्काची भाषा बोले आणि यंत्रणा समूहाची वाट पाही.

१९८८ मध्ये राज्यातील शेतमजुरीचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि त्याबरोबर हमीची मजुरीही वाढली. मजुरी वाढली की कामावर येऊ इच्छिणारे वाढतात, हे उघड आहे. परंतु त्यानंतरच्या काळात योजनेवरील उपस्थिती खाली आली. रॅव्हेलियन, दत्त व चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा अर्थ असा लावला की, मजुरीवाढीनंतर कामाची मागणी पुरी होईनाशी झाली आणि हमी प्रत्यक्षात नियंत्रित वाटपासारखी बनली. कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. कामे उशिरा निघाली, काही निघालीच नाहीत, एवढेच. अटी कडक करण्याचा हा एक मूक मार्ग आहे. त्याला ना विधेयक लागते, ना भाषण.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याने महाराष्ट्राची कल्पना देशभर नेली, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्राच्या हमीला दिवसांची मर्यादा नव्हती, तर केंद्राची हमी प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती. म्हणून १०० दिवसांवरील भार राज्याने उचलावयाचा अशी सांगड घालण्यात आली. वर्तनाच्या अटींबाबत या कायद्याचे नववे कलम विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. दिलेले काम न स्वीकारणारा, कळविल्यापासून १५ दिवसांत हजर न होणारा, अथवा परवानगीवाचून सलग आठवड्याहून अधिक काळ वा महिन्यात एकूण आठवड्याहून अधिक काळ गैरहजर राहणारा मजूर तीन महिने बेकारभत्त्यास अपात्र ठरे. परंतु काम मागण्याचा त्याचा हक्क कोणत्याही वेळी अबाधित राही. शिक्षा भत्त्यापुरती होती, कामापुरती नव्हती. इंग्लंडच्या नियमांत भत्ता थांबला की माणसाच्या हाती काहीच उरत नाही. येथे त्याला दुसऱ्या दिवशी परत येऊन कुदळ उचलता येई. जगभरच्या अशा तरतुदींशी तुलना करता हे कलम सौम्य व शहाणपणाचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

भत्त्याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये ठरला. पहिल्या ३० दिवसांसाठी भत्ता मजुरीच्या निदान एक चतुर्थांश, म्हणजे ७८ रुपये, आणि त्यापुढे निदान निम्मा, म्हणजे १५६ रुपये. वाठारच्या एखाद्या मजुराने जूनमध्ये काम मागितले आणि १५ दिवसांत ते मिळाले नाही, तर पुढील ३० दिवसांचे त्याचे राज्याकडे २,३४० रुपये निघावयाचे. हे पैसे प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडले, याचे कारण आकड्यांत नसून एका कागदात आहे. १५ दिवसांची मोजणी सुरू होते मागणीच्या तारखेपासून, आणि मागणीचा पुरावा म्हणजे तारीख घातलेली पोच. अकुशल मजुरी केंद्र देई आणि बेकारभत्ता राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यावयाचा. त्यामुळे तारीखवार पोच न देण्यात प्रत्येक पातळीवरील कर्मचाऱ्याचे हित गुंतले. काम उपलब्ध झाल्यावर त्याच दिवशी मागणी लिहून घ्यावयाची, म्हणजे विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही, ही युक्ती देशभर रूढ झाली. पुराव्याची अट मजुराला लागू झाली. राज्याच्या कसुरीचा पुरावा मात्र निर्माणच होऊ दिला गेला नाही.

मजुराकडील पुराव्याचे ओझे कसे वाढत गेले ते आता पाहू. मे २०२१ मध्ये भ्रमणध्वनीवरून हजेरी घेण्याची पद्धत प्रयोगादाखल सुरू झाली. मे २०२२ पासून २० वा अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवर स्थळनोंदीसह छायाचित्र घ्यावयाचे. आपल्या वाट्याचे माप दुपारी एक वाजता पुरे करून घरी गेलेल्या बाईला दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागते, अथवा परत यावे लागते. मापावरच्या मजुरीचे तत्त्वच असे की, माप भरले की दिवस भरला. येथे माप भरूनही दिवस भरत नाही. डोंगरकपारीत संपर्क नसला तर झालेल्या कामाची नोंद राहत नाही, आणि तो दोष यंत्राचा असला तरी भुर्दंड मजुराला. हजेरीपटातील बनावट नावे हा खरा रोग होता, महाराष्ट्राच्या योजनेतही तो होता, आणि त्यावर उपाय हवाच होता, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, बनावट नाव लिहिणारा कर्मचारी वा ठेकेदार आणि खरी मजूर स्त्री यांपैकी उपायाचा भार कोणावर टाकला.

१ जानेवारी २०२४ पासून मजुरी ‘आधार’शी निगडित मार्गानेच देण्याचे ठरले. यासाठी मजुराचे जॉब कार्डावरील नाव आधारवरील नावाशी जुळावे लागते, आधार क्रमांक जॉब कार्डाला आणि बँकेच्या खात्याला जोडलेला असावा लागतो, आणि ते खाते राष्ट्रीय देयक यंत्रणेच्या नोंदीत उतरलेले असावे लागते. यांपैकी एक कडी निखळली की मजुरी अडते. दोन खाती असलेल्या मजुराचे पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते तेथे गेले आहेत हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांतील फरकामुळे विवाहित स्त्रियांना या जुळवणीचा त्रास अधिक होणे स्वाभाविक आहे.

या जुळवणीच्या काळातच मजुरांच्या यादीतून नावे मोठ्या प्रमाणावर वगळली गेली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे १ कोटी ४९ लाख मजुरांची नावे वगळण्यात आली होती, तर २०२२-२३ मध्ये ५ कोटी १८ लाखांहून अधिक. दिलेल्या कारणांत बनावट कार्ड, दुबार कार्ड, स्थलांतर, मृत्यू यांच्या जोडीला ‘काम करण्यास इच्छुक नाही’ असेही एक कारण आहे.

या शेवटच्या कारणापाशी क्षणभर थांबले पाहिजे. बेकार माणूस काम करू इच्छितो की नाही, हाच तर अटींच्या साऱ्या शास्त्राचा गाभा. १८३४ चे श्रमगृह, टेंपल यांची खडी, लंडनची रोजची हजेरी, हे सगळे त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्याचे उपाय होते. कितीही कठोर असोत, त्यांत निदान माणसाला विचारले जाई : काम देतो, येतोस का? नकार दिल्यावरच तो अनिच्छुक ठरे. नाव वगळताना हा प्रश्न विचारला गेलाच, अशी हमी त्या पद्धतीत कोठेही नाही; कचेरीतील पडद्यावरच्या यादीतून एक कारण निवडले की पुरे. आणि परिणाम पाहावा तर कायद्याने प्रत्यक्ष नकार देणाऱ्यालाही जी शिक्षा सांगितली नव्हती ती येथे होते. नवव्या कलमाने अनिच्छुकाचा भत्ता तीन महिने थांबविला होता, काम मागण्याचा हक्क राखला होता. नाव वगळल्याने तो हक्कच जातो. म्हणजे पुराव्याच्या अटीने वर्तनाच्या अटीची जागा घेतली, आणि ती मूळ कायद्याहून कडक ठरली.

कडक अटींमुळे दीर्घकाळचे बेकार कामाला लागतात काय? ब्रिटनमधील सक्तीच्या कामाच्या एका आधीच्या योजनेचा आढावा तेथील शासनाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. भत्ता घेणाऱ्यांची संख्या काही आठवड्यांपुरती घटली. परंतु नोकरी मिळण्याच्या शक्यतेवर परिणाम आढळला नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ च्या निर्णयात निर्वाहभत्त्यात ३० टक्क्यांहून अधिक कपात घटनाविरोधी ठरविली. माणसाला जगण्यापुरते देणे हे राज्याचे कर्तव्य असताना त्याहून मोठी कपात उपयुक्त ठरते याचा पुरेसा पुरावा शासनाने दाखविला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथे पुराव्याचा भार राज्यावर टाकलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दीर्घ बेकारीचे एक अंगभूत लक्षण असे की, तिचा काळच तिचे कारण बनतो. वर्षभर घरी बसलेल्याला मालक संशयाने पाहतो, हाताची सवय मोडते, ओळखी तुटतात. शिरोलीच्या एखाद्या ओतशाळेतून कमी झालेल्या कामगाराला रोज कोठे तरी सही करावयास लावल्याने यांपैकी काय बदलणार?

सुशिक्षितांसाठी योजलेल्या साहाय्यात अटींची दिशा आणखी वेगळी आहे. केरळने बेकारभत्ता देताना रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणीस तीन वर्षे झालेली असावीत, अशी अट ठेवली. तेथे बेकारीचा काळ हीच पात्रता होती. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांस आस्थापनेत सहा महिने प्रशिक्षण आणि शिक्षणानुसार महिना ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन. या योजनेला नगरपरिषदेच्या वेशीचा अडसर नाही, त्यामुळे वडगावचा पदवीधर तीत बसतो. यंत्रमागावरून घरी आलेला पंचेचाळिशीचा कामगार बसत नाही. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली आणि प्रशिक्षणार्थींनी पुढील नेमणुकीची मागणी लावून धरली. सहा महिने वा अकरा महिने ही मर्यादा योजनेची आहे. बेकारीची मुदत तिच्याशी जुळेलच असे नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी आणण्याचा नवा कायदा संमत केला. त्यात कुटुंबामागे हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. खर्चाचा वाटा बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० व राज्य ४० असा ठरविला आहे. आणि शेतीच्या हंगामात मजूर उपलब्ध राहावेत म्हणून वर्षातून एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची मुभा राज्यांस दिली आहे. मजुरीचाही ४० टक्के भार राज्यावर पडल्यावर १९८८ नंतर घडले तसे पुन्हा घडेल काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या अभ्यासकांनी आतापासूनच आकडेवारी ठेवून तपासावयाचा आहे. विशेषतः मागणीच्या तारखा आणि पोचांच्या नोंदी तालुकावार जमविल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही.

६० दिवसांच्या बंदीबाबत हातकणंगले तालुक्यापुरती एक अडचण आताच दिसते. हंगाम कोणता धरावयाचा? खरिपाची पेरणी व भांगलण धरली तर जून-जुलैचे दिवस जातील. उसाचा गळीत हंगाम धरला तर दिवाळीपासून पुढचे दिवस जातील, आणि त्या हंगामातील तोडणीचे बहुतेक काम परजिल्ह्यातील टोळ्या करतात. किणी, भादोले, वाठारच्या भूमिहीन मजुराला त्यात वाटा थोडा. शेतात मजूर लागतात म्हणून सरकारी काम बंद, आणि शेतातले काम दुसऱ्यांच्या हाती, अशा दोन महिन्यांत त्याने काम मागितले तर त्याची मागणी नोंदविली जाईल काय, आणि नोंदविली गेल्यास भत्त्याचे दिवस कोणत्या तारखेपासून मोजले जातील, याचा खुलासा नियमांतून व्हावयास हवा.